जुन्या फोटोतलं झाड आज पाहताना: काय बदललं आणि काय नुसतं भासतं

जुलै 2022मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात वॉशबर्न नावाचा वणवा भडकला आणि मॅरिपोसा ग्रोव्ह या सेक्वॉया नावाच्या अवाढव्य सूचिपर्णी वृक्षांच्या राईला येऊन भिडला. तिथलं सगळ्यांत नामांकित झाड म्हणजे ‘ग्रिझली जायंट’. त्याच्या बुंध्याभोवती पाण्याचे फवारे लावल्याचे फोटो तेव्हा जगभर छापून आले. झाड वाचलं. याच झाडाचा एक फोटो 1861 सालचा आहे, कार्लटन वॉटकिन्स या छायाचित्रकाराने काढलेला. त्यात बुंध्याशी गेलन क्लार्क उभे दिसतात. पुढे ते या राईचे अधिकृत रखवालदार झाले.

असे दोन फोटो शेजारी ठेवले की बघणाऱ्यांचं एकमत होणं अवघड. एक म्हणतो, एकशे साठ वर्षांत काहीच फरक नाही. दुसऱ्याला झाड जास्त कललेलं वाटतं. तिसरा छातीठोकपणे सांगतो की खोड बारीक झालंय. प्रसिद्ध झाडांचे ‘तेव्हा आणि आता’ फोटो हल्ली सतत समोर येतात आणि त्यांच्याखाली हेच वाद रंगतात. फोटो म्हणजे पुरावा, असं आपण धरून चालतो. तो पुरावा आहेच, पण कशाचा, हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक वेळा तो झाडापेक्षा झाडाच्या शेजारपाजारचा जास्त चांगला पुरावा असतो.

आधी उभं राहायची जागा शोधायची

एखाद्या जुन्या फोटोच्या नेमक्या जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढण्याच्या पद्धतीला पुनर्छायाचित्रण म्हणतात. ही हौशी लोकांची करमणूक नव्हे. आल्प्समधल्या हिमनद्या किती सरकल्या, किती आटल्या हे मोजायला 1880च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरात आहे. नंतर वाळवंटातली झुडपं, नदीकाठ, जंगलं यांच्या अभ्यासातही ती आली.

यातली पहिली अडचण म्हणजे जागा. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो, कारण दोन डोळ्यांमध्ये काही सेंटिमीटरचं अंतर आहे. झाडाचंही तसंच. तीस मीटरवरून काढलेल्या फोटोत कॅमेरा एक मीटर बाजूला गेला, तर दूरच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर झाड जवळजवळ दोन अंशांनी सरकतं. त्यामुळे जुन्या फोटोत शिखर खोडाच्या डावीकडे होतं आणि नव्यात उजवीकडे आहे, यावरून एवढंच कळतं की फोटो काढणारा चुकीच्या जागी उभा होता.

गंमत म्हणजे हाच अडथळा जागा शोधायलाही कामी येतो. जुन्या फोटोत अशा जोड्या हेरायच्या ज्यांत एक वस्तू जवळची आणि एक लांबची आहे, आणि दोन्ही बरोबर एका ओळीत आल्या आहेत. खडकाची कड आणि तिच्या थेट मागे दिसणारी डोंगराची खाच, अशी काहीतरी जोडी. त्या दोन वस्तू पुन्हा एका ओळीत दिसतील अशा सगळ्या जागा जमिनीवर एका सरळ रेषेत असतात. दुसऱ्या दिशेच्या दुसऱ्या जोडीने दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे कॅमेरा होता. मग उंची जुळवायची. वॉटकिन्ससारखे लोक जड तिवईवर कॅमेरा लावत, कधी उंचवट्यावर चढून. छातीशी मोबाइल धरून ती उंची मिळेलच असं नाही.

लेन्सची काळजी मात्र लोक उगाच करतात. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत केवढ्या दिसतात हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, लेन्सवर नाही. रुंद कोनातून काढलेला फोटो नंतर कापून जुन्याएवढा करता येतो. चुकीच्या जागेवरून काढलेला फोटो कितीही कापला तरी जुळत नाही.

झाड कललं की कॅमेरा?

कललेल्या झाडांबाबत तर फार फसगत होते. मोबाइल वर करून उंच झाडाचा फोटो घेतला की सगळ्या उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. खोड वर निमुळतं दिसतं, कडेची झाडं आत वाकल्यासारखी वाटतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्स फळीसकट वर सरकवता यायची. कॅमेरा सरळ आणि लेन्स वर, अशा मांडणीत उभ्या रेषा उभ्याच राहायच्या. म्हणजे जुन्या फोटोत ताठ आणि नव्यात कललेलं दिसणारं झाड तसूभरही हललेलं नसू शकतं. ग्रिझली जायंट मुळात कललेलंच आहे. त्यामुळे ‘आता पडणार’ ही भविष्यवाणी त्याच्याबाबतीत पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

त्या काळच्या काचेला हिरवं दिसत नव्हतं

वॉटकिन्सने साधारण 46 बाय 56 सेंटिमीटरच्या काचांवर हे फोटो काढले. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, ते चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचं, ओली काच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत जाऊन फोटो धुवून काढायचा. हे सगळं काही मिनिटांत, आणि सगळं सामान खेचरांच्या पाठीवरून डोंगरात नेऊन. काच एवढी मोठी आणि छापही तेवढाच, त्यामुळे त्यात सालीच्या रेघासुद्धा मोजता येतात. आजच्या कित्येक फोटोंची ती सर नाही.

पण या काचेला प्रामुख्याने निळा आणि जांभळ्यापलीकडचा प्रकाश कळायचा. हिरवा फारच कमी, तांबडा जवळजवळ नाहीच. आकाश म्हणून पांढरंफटक येई, पानं काळपट येत आणि सेक्वॉयाची तांबूस साल प्रत्यक्षापेक्षा गडद दिसे. शिवाय पुरेसा प्रकाश मिळायला बराच वेळ लेन्स उघडी ठेवावी लागे, तेवढ्यात वाऱ्याने पालवी हलली की ती धुरकट व्हायची. आता नव्या रंगीत फोटोशी तुलना करून कोणी म्हणालं की पूर्वी पालवी किती दाट आणि काळीभोर होती, तर त्याने झाडाबद्दल काही सांगितलेलं नाही, रसायनाबद्दल सांगितलं आहे.

सावल्या मात्र खऱ्या असतात. दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी सूर्य आकाशात जवळपास त्याच ठिकाणी असतो. खोडावर पडलेल्या सावलीच्या कडेवरून जुना फोटो कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी काढला हे बऱ्यापैकी ठरवता येतं. पानगळीच्या झाडांच्या बाबतीत हे आधी बघावं. हिवाळ्यातलं निष्पर्ण झाड आणि पावसाळ्यानंतरचं भरलेलं झाड यांची तुलना करून ‘झाड सुधारलं’ असं जाहीर करणारे कमी नाहीत.

मग झाड वाढलं तरी किती?

इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. खोडावर कोरलेली खूण झाडाबरोबर वर जाते, असं अनेकांना पक्कं ठाऊक असतं. ती जात नाही. झाडाची उंची शेंड्यांच्या टोकाशी वाढते. खाली खोड फक्त जाड होत जातं. सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करतो. छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा शंभर वर्षांनीही छातीच्याच उंचीवर असतो. फार तर लाकडाने त्याला गिळलेलं असतं.

म्हणूनच फांद्या ज्या उंचीवर फुटल्या आहेत, ती जागा, बुंध्यावरची जळकी कपार, खोडाचा बेचका या खुणांवरून झाड ओळखता येतं. जुन्या फोटोतलं झाड तेच का, अशी शंका आली तर घेर नंतर बघावा, आधी या खुणा पडताळाव्यात. एक सावधगिरी हवी. जमीन वर-खाली होऊ शकते. रस्त्यासाठी भराव टाकला की फांद्या खाली आल्यासारख्या वाटतात, माती धुपली की उलट.

आता जाडी. लाकडाची दरवर्षीची नवी भर एका वलयाच्या रूपात घेराभोवती पसरते, म्हणून खोड जितकं मोठं तितकं त्या वर्षाचं वलय अरुंद होत जातं. तेवढाच रंग मोठ्या भिंतीला फासला की थर पातळ बसतो, तसं. एक हिशोब करून बघू. समजा म्हाताऱ्या झाडाला वर्षाला एक मिलिमीटर वलय पडतं. एकशे साठ वर्षांत त्रिज्या 16 सेंटिमीटरने वाढली आणि व्यास 32 सेंटिमीटरने. ग्रिझली जायंटचा व्यास बुंध्याशी साडेआठ-नऊ मीटर आहे. म्हणजे वाढ चार टक्क्यांच्या आत. फोटोत खोड पाच सेंटिमीटर रुंद दिसत असेल, तर हा फरक दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. डोळ्याला ‘तसंच आहे’ वाटणार यात नवल काय?

तरीही वाढ थांबलेली नसते. एवढ्या प्रचंड पृष्ठभागावर एक मिलिमीटर लाकूड चढवायचं म्हणजे वर्षाकाठी भरपूर लाकूड लागतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 403 जातींची झाडं तपासली होती. त्यांपैकी 97 टक्के जातींत झाड जितकं मोठं, तितकी त्याची वार्षिक वजनवाढ जास्त, असं दिसलं. फोटोत थिजल्यासारखं वाटणारं झाड प्रत्यक्षात शेजारच्या कोवळ्या झाडांपेक्षा किती तरी जास्त लाकूड तयार करत असू शकतं.

उंचीचं उलटं. फार जुन्या झाडाचा शेंडा वाळतो, वीज पडून किंवा बर्फाने मोडतो, आणि झाड पूर्वीपेक्षा बुटकं होतं. अशा मोडलेल्या शेंड्याखालून एखादी बाजूची फांदी वर वळून जागा घेते. ग्रिझली जायंटच्या काही फांद्या एवढ्या जाड आहेत की तेवढं खोड असलेल्या झाडाला कुठेही मोठं झाड म्हटलं जाईल.

‘पण फोटोत माणूस उभा आहे, त्यावरून मोजता येईल की!’

हा आक्षेप रास्त वाटतो, आणि नेमका इथेच बहुतेकांचा हिशोब फसतो. क्लार्कसारखा माणूस बुंध्यासमोर उभा असतो. खोडाच्या ज्या दोन कडा आपण फोटोत मोजतो, त्या मात्र समोरच्या पृष्ठभागावर नसतात. त्या बाजूला, जवळजवळ खोडाच्या मध्याइतक्या मागे असतात. नऊ मीटर जाड खोडात माणूस त्या कडांपेक्षा कॅमेऱ्याच्या साडेचार-पाच मीटर जवळ असतो. कॅमेरा खोडाच्या मध्यापासून तीस मीटरवर धरला, तर माणूस पंचवीस मीटरवर येतो. तो सापेक्षतः मोठा दिसतो आणि त्याच्या मापाने मोजलेलं खोड खऱ्यापेक्षा सुमारे दीड मीटर बारीक निघतं.

एकशे साठ वर्षांची वाढ 32 सेंटिमीटर धरली होती. मोजमापाची चूक त्याच्या चौपटीहून मोठी आहे. एका फोटोत माणूस खोडाला टेकून आणि दुसऱ्यात चार पावलं पुढे असेल, तर झाड आक्रसलं असा ‘पुरावा’ घरबसल्या तयार होतो. जगातल्या विशाल झाडांचे जुने, अफाट आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं. काही आकडे नुसत्या फोटोवरून काढलेले असतात. वयाचंही तेच. ग्रिझली जायंटच्या वयाचे अंदाज साधारण 1,800 वर्षांपासून 3,000 वर्षांपर्यंत गेलेले आहेत, कारण वलयं मोजायला खोडात घालतात ते गिरमिट एवढ्या जाड खोडाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि मधली वलयं हिशोबानेच भरावी लागतात.

झाडाकडून नजर काढा

एवढी सगळी मापं डळमळीत असतील तर जुन्या फोटोला विचारायचं काय? आजूबाजूचं विचारायचं. पाऊण मीटरचं रोपटं दीडशे वर्षांत तीस मीटरचा वृक्ष होतं, तेव्हा दोन-चार टक्क्यांच्या चुकीने काही बिघडत नाही. मोकळं माळरान जंगल झालं असेल तर ते कुठूनही फोटो काढला तरी कळतं.

योसेमिटीतल्या जुन्या-नव्या जोड्यांत हे वारंवार दिसतं. कुरणं आकसली आहेत, देवदारासारखी सूचिपर्णी झाडं दाटली आहेत, पूर्वी दिसणारे कडे आता झाडांच्या मागे गेले आहेत. वरवर पाहता ही आनंदाची गोष्ट: जंगल वाढलं! पण तिथे ही वाढ दुखण्याचं लक्षण आहे. शतकानुशतकं या भागात लहान, जमिनीलगतच्या आगी लागत. काही विजेमुळे, काही मूळच्या मिवोक लोकांनी मुद्दाम लावलेल्या. त्यांत पाचोळा आणि लहान झाडं जळत. मोठ्या सेक्वॉयांना त्यांची साल वाचवायची, ती साठ सेंटिमीटरपर्यंत जाड होऊ शकते. सेक्वॉयाला आग हवीही असते. उष्णतेने त्याची शंकूसारखी फळं उघडतात आणि राखेखालच्या उघड्या मातीत बी रुजतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मूळच्या लोकांना हुसकावलं गेलं. पुढे आग दिसली की विझवायची हे सरकारी धोरण झालं. सावलीत तग धरणारी झाडं मधल्या जागेत माजली. आता वणवा लागला तर तो त्यांच्यावरून शिडीसारखा चढत थेट उंच शेंड्यांपर्यंत जातो.

2020 आणि 2021च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वॉयांपैकी 13 ते 19 टक्के गेले असावेत, असा उद्यान यंत्रणांचा अंदाज आहे. हजारो वर्षं आगीत टिकलेली झाडं दोन हंगामांत गेली. मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये 1970च्या दशकापासून ठरवून, आटोक्यात ठेवलेल्या आगी लावून खालचा माज कमी केला जात होता. वॉशबर्न वणवा राईत शांतावला, याचं बरंच श्रेय त्याला दिलं जातं. जंगल ‘मूळ’ कसं होतं याची कल्पना यायला जुने फोटो उपयोगी पडतात. मात्र 1861चा फोटो म्हणजे अस्पर्श निसर्ग, असं समजू नये. माणसांनी शतकानुशतकं आगीने राखलेला तो परिसर होता.

‘दोन फोटोंवरून निष्कर्ष काढणं म्हणजे सोयीचं तेवढं दाखवणं नव्हे का?’

बऱ्याच अंशी, हो. मुळात कोणत्या झाडांचे फोटो काढले गेले? जी विचित्र, अवाढव्य, एकटी उभी होती त्यांचे. आणि आपण पुन्हा कुणाकडे जातो? जी टिकली त्यांच्याकडे. पडलेल्या झाडाच्या जागेचा फोटो कुणी हौसेने लावत नाही. म्हणून अशा जोड्या पाहून ‘जुनी झाडं किती चिवट’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे शर्यत पूर्ण केलेल्यांनाच विचारून शर्यत सोपी ठरवणं.

दुसरं असं की दोन तारखांच्या मध्ये काय घडलं हे फोटो सांगत नाहीत. योसेमिटीतल्याच सेंटिनेल डोम या उघड्या ग्रॅनाइटच्या घुमटावर जेफ्री पाइन या सूचिपर्णी जातीचं एक वाकडंतिकडं झाड होतं. वॉटकिन्सने 1867 साली त्याचा फोटो काढला, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या छायाचित्रकाराने 1940 साली, आणि त्यानंतर असंख्य पर्यटकांनी. 1976-77च्या दुष्काळात लोकांनी बादल्यांनी पाणी घालूनही ते मेलं. पण पडलं 2003च्या ऑगस्टमध्ये. मधली पंचवीसेक वर्षं ते मेलेलंच उभं होतं. त्या काळातले कृष्णधवल फोटो बाह्यरेखेवरून पाहिले तर झाड तेच, आकार तोच. जिवंत आणि मृत यांतला फरक सुयांच्या झुपक्यांत होता, सांगाड्यात नव्हता.

याच्या नेमकं उलट उदाहरण म्हणजे हावडा-शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष. 1864 आणि 1867च्या चक्रीवादळांत त्याला जखमा झाल्या, मग बुरशी लागली आणि 1925 साली मुख्य खोड काढून टाकावं लागलं. त्याआधीच्या फोटोतला बुंधा शोधायला गेलात तर तो सापडणारच नाही. झाड मात्र हजारो पारंब्यांवर जिवंत आहे आणि पसरतंच आहे. एकीकडे सगळं दिसतं पण जीव नाही, दुसरीकडे जीव आहे पण फोटोतलं मुख्य तेच नाही. ‘तेच झाड का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जातीजातीनुसार वेगळं असतं. फोटोच्या जोडीला उद्यानाच्या नोंदी, मोजमापं, पावसाचे आकडे लागतात. आणि मधल्या काळातले आणखी फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं.

हे संगणक करून देईल ना?

काही प्रमाणात देतो. दोन फोटोंतले समान बिंदू शोधून एक दुसऱ्यावर बसवणं, अनेक फोटोंतून झाडाची त्रिमितीय प्रतिकृती उभी करणं, हे आता सर्रास होतं आणि त्यातून मिळणारी मापं चांगली असतात. जुना फोटो ‘सुधारून’, रंगवून देणाऱ्या साधनांचं मात्र वेगळं आहे. पुसट फांदीच्या जागी ती साधनं शोभेल अशी फांदी भरतात. भिंतीवर लावायला ठीक आहे. त्यावर पट्टी ठेवून मोजायला बसू नये.

पुन्हा पुन्हा बघायला जाणं झाडाला बाधतं का?

बाधतं. योसेमिटी खोरं आणि मॅरिपोसा ग्रोव्ह यांना 1864 साली अमेरिकेच्या संसदेने आणि अध्यक्ष लिंकन यांनी कायद्याने संरक्षण दिलं. त्यामागे वॉटकिन्सच्या फोटोंचा हात होता असं मानलं जातं. त्याच फोटोंनी गर्दीही आणली. 1881 साली त्या राईतल्या वावोना नावाच्या सेक्वॉयाच्या खोडातून आरपार बोगदा कोरला, घोडागाड्या आणि नंतर मोटारी त्यातून जात, लोक फोटो काढून घेत. 1969 साली बर्फाच्या भाराने ते झाड कोसळलं. सेक्वॉयाची मुळं उथळ आणि दूरवर पसरलेली असतात. पायांनी माती दाबली गेली, वर डांबर पडलं की पाणी आणि हवा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच 2015 ते 2018 अशी तीन वर्षं राई बंद ठेवून आतली वाहनतळं हलवली आणि डांबर उखडलं गेलं. जुना कॅमेरा जिथे होता ती नेमकी जागा कधी कुंपणाच्या आत येते. अशा वेळी तो फोटो सोडून द्यावा.

आज फोटो काढत असाल तर

पन्नास वर्षांनी कुणाला तो पुन्हा काढता यावा यासाठी थोडंच लागतं. कॅमेरा सरळ समोर रोखून धरा, वर तिरपा करू नका. झाड मावेना तर मागे जा. चौकटीत झाडाबरोबर खडक, डोंगर, इमारतीचा कोपरा असं न हलणारं काहीतरी येऊ द्या. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाभोवती टेप गुंडाळून घेर मोजा. वनखात्यात हीच उंची वापरतात. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून ही उंची धरा. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची उंची आणि झाडापासूनचं अंतर लिहा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण मेसेजमधून पाठवलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाणाची माहिती बहुतेक वेळा गळून जाते.